सहावा ग्लास

टीव्ही छातीशी कवटाळून शेजारच्या ज्योतीचा नवरा दगा दारात उभा होता आणि त्याची वायर दगाच्या पायांत लोंबत होती.

"वहिनी, जरा सरका. कुठं ठेवू हा?"

रंजनाचे दोन्ही हात पिठात होते. ती सरकली नाही.

"इथं कशाला?"

"आज मॅडम येणार आहे तपासणीला. दुपारपर्यंत राहू द्या फक्त. कामाच्या पाळीवरून आलो की उचलतो."

उत्तराची वाट न पाहता तो तिला वळसा घालून आत आला आणि टीव्ही पेटीवर ठेवला. मग कूलर आणला. मग दोन लाल खुर्च्या, एकात एक घातलेल्या. शेवटी मिक्सर. चार खेपांत त्याने आपली खोली रंजनाच्या खोलीत रिकामी केली, कपाळाचा घाम दंडाने पुसला आणि म्हणाला, "उपकार झाले, वहिनी." सात वाजत आले होते. लूमच्या कारखान्यात उशीर झाला की शेठ गेटातूनच परत पाठवतो. तो धावतच गेला.

रंजना पिठाचे हात तसेच धरून त्या वस्तूंकडे बघत राहिली. टीव्ही पेटीवर, कूलर खिडकीत, खुर्च्या दाराकडे तोंड करून. दगाला काय ठाऊक, पण प्रत्येक वस्तू त्याने बरोबर तिथेच ठेवली होती, जिथे दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी रंजनाने ती स्वतःच्या हातांनी मांडली होती. तेव्हाच हात का झडले नाहीत माझे, असं तिला वाटलं. आणि तिने परातीतल्या कणकेला असा काही गुद्दा घातला की कोपऱ्यात साड्यांचे धागे कापत बसलेली सोनाली दचकली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. तू काप."

त्या रविवारी याच सोनालीला बघायला इच्छापोरहून पाहुणे आले होते. मुलगा हजीऱ्याला कंपनीत कंत्राटावर होता. सोबत आई, मामा आणि एक बोलघेवडी आत्या. मुलीला बघायला माणसं येणार म्हटल्यावर शेजारून चार वस्तू मागून आणायच्या आणि घर भरलेलं दाखवायचं, ही रीत खानदेशातून सुरतेच्या बमरोलीपर्यंत जशीच्या तशी आली होती. सगळेच करतात. पाहुण्यांच्या घरीही तेच झालेलं असतं. आणि शेजारी ज्योतीसारखी असली तर मागायलाही जड जात नाही. लग्नाला चारच वर्षं झालेली, साक्रीकडची साधी पोर. बापाने आंदणात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं दिलेलं. रंजनाने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली होती, "लई जा ना ताई, मन्हं काय नि तुन्हं काय." वर नवे सहा ग्लासही दिले होते.

पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या होत्या आणि नेमकी तेव्हाच फाईल घेतलेली एक मुलगी दारात उभी राहिली. नाव रश्मी. सुरतेतच वाढलेली, बोलण्यात मधूनच गुजराती डोकावणारी मराठी मुलगी, एका संस्थेत कामाला.

"काकू, आमची संस्था गरज असलेल्या घरांना थेट पैसे देणार आहे. बाईच्या खात्यात. घरात काय काय आहे तेवढं लिहून घेते. टीव्ही तुमचाच ना?"

आत्याने घास तोंडापाशी नेऊन थांबवला. आता यावर रंजना काय बोलणार?

"आमचाच."

"कूलर?"

"आमचाच की."

"मिक्सर?"

"तो मागच्या दिवाळीत घेतला," रंजना म्हणाली. एवढं सांगायची खरं तर काही गरज नव्हती. पण एकदा जीभ सुटली की सुटली.

मग रश्मी शेजारी ज्योतीकडे गेली. तिथे चार भिंती, मांडणी, दोरीवरचे कपडे आणि गॅसची शेगडी याशिवाय काहीच उरलं नव्हतं.

आठ दिवसांनी इच्छापोरहून निरोप आला की योग नाही. महिन्याभराने यादी आली. शाळेत जास्त मार्कांची मुलं पुढे जातात. इथे उलटं होतं, ज्याच्या घरात जास्त वस्तू त्याचं नाव खाली. ज्योतीचं नाव यादीत होतं. तीस हजार रुपये, परत द्यायचे नाहीत. रंजनाचं नाव कुठेच नव्हतं.

तिच्या नवऱ्याने, सुकदेवने, हे ऐकलं तेव्हा तो जेवायचा थांबला आणि पोट धरून हसला.

"कुणी सांगितलं होतं तुला, दिवाळीत घेतला म्हणून?"

त्या दिवसापासून रंजना जळत होती. चाळीत दुसऱ्यांनाही पैसे मिळणार होते. कोपऱ्यातल्या मालतीबाईने तर त्या पैशांचे चार बेत केले होते, नवऱ्याला सांगायला एक, सुनेला एक, पोराला एक आणि मॅडमला चौथा. तिच्यावर रंजनाचा राग नव्हता. मालतीबाईची ती हसून टिंगल करायची. पण ज्योतीने पाव किलो वांगी घेतली तरी रंजनाच्या मनात येई, आली बाई श्रीमंती. ज्योतीने दारात पाणी मारलं तरी वाटे, आता हिला दारातली धूळसुद्धा खपेनाशी झाली. आणि गंमत म्हणजे पैसे अजून आलेच नव्हते. ज्योती पूर्वीसारखीच होती, तोच गाऊन, तेच हसणं. तिच्या त्या हसण्यानेच रंजनाला जास्त त्रास होई.

सहा ग्लासांपैकी पाच परत गेले होते. सहावा मांडणीखाली घरंगळला होता आणि पुढे महिनाभर कुणाच्या लक्षात आला नाही. यादी लागली त्याच आठवड्यात झाडताना तो रंजनाच्या हाती लागला. त्याच्यावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. ज्योती हिस मामांकडून'. रंजनाने तो पदराने पुसला, थोडा वेळ हातात धरला आणि पिठाच्या डब्यामागे सरकवून दिला.

ज्योतीने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा रंजना म्हणाली, "नाही बाई माझ्याकडे. नीट बघ तुझ्याच घरात." एका ग्लासावाचून ज्योतीचं काही अडणार नव्हतं. पण तिचा सेट मोडला, एवढ्या समाधानावर रंजनाला त्या रात्री झोप लागली होती.

अकराच्या सुमारास शेजारी आवाज झाला. मॅडम आल्या होत्या.

दोन खोल्यांमधली भिंत वर पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. वितभर फट होती आणि तिच्यातून इकडची फोडणी तिकडे आणि तिकडचं बोलणं इकडे येई. रंजनाने साड्यांचा गठ्ठा उचलला आणि भिंतीपाशी बसून घड्या घालू लागली. त्या साड्यांच्या घड्या सकाळीच घालून झाल्या होत्या. सोनालीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पलीकडे आधी नाव, आधार, खातं, असं सगळं झालं. मग रश्मीचा आवाज आला.

"पैसे आले की काय करायचं ठरवलंय, ताई?"

ज्योती थोडी थांबली. मॅडमशी बोलताना ती मराठी जपून बोलायची.

"पिकोचं मशीन घ्यायचं."

रंजनाचे हात घडीवर थांबले.

पिकोचं मशीन! आपण दोघी दारात धागे कापत बसलो होतो तेव्हा मीच हिला सांगितलं होतं. सोनालीचा हात सरळ आहे, खिडकीपाशी मशीन ठेवलं तर उजेड चांगला, मार्केटातून साड्या आणायच्या, धागे कापून काय मिळतं गं, पिकोला बरे पैसे मिळतात. सगळं, सगळं सांगितलं होतं. तेव्हा यादी लागायची होती आणि रंजनाला खात्री होती की नाव आपलंच येणार. हिला साधी सुई ओवता येत नाही, आणि ही मशीन घेणार! पैसे तर नेलेच, त्यांचं काय करायचं तेही माझ्याच डोक्यातून काढून नेलं. रांडेने काही म्हणून सोडलं नाही.

पुढचं तिला ऐकवेना. ती उठली, मोरीत गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा खळाखळा विसळू लागली.

ती हात पुसत बाहेर आली तेव्हा रश्मी दारातच उभी होती.

"काकू, पाच मिनिटं. एका शेजाऱ्याची साक्ष लागते." आत येऊन ती लाल खुर्चीवर बसली आणि सगळीकडे बघून ओळखीचं हसली. "तुमचं घर आठवतंय मला. त्या दिवशी पाहुणे होते ना? जमलं का?"

"नाही जमलं."

"ओह." रश्मीने फाईल उघडली. "सोपं आहे. ज्योतीताईंच्या घरात कुठल्या वस्तू आहेत ते मी विचारणार, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. तुम्ही काय सांगितलं ते त्यांना कळणार नाही, बरोबर ने? अगदी खरं सांगा."

सोनालीने पाणी आणून दिलं. रश्मीने ग्लास घेतला आणि न पिता पेटीच्या कडेवर टेकवला, टीव्हीशेजारी.

"त्यांच्या घरात टीव्ही आहे?"

रंजनाने टीव्हीकडे पाहिलं. काळ्या काचेत दार दिसत होतं आणि दारात ती स्वतः. पलीकडे ज्योती काहीतरी गुणगुणत होती.

"आहे," रंजना म्हणाली.

रश्मीचं पेन थांबलं. "पण मला तर तिथे..."

"तिथे कसा दिसेल? हा काय, तुमच्या पुढ्यात आहे. हा टीव्ही त्यांचा. तो कूलर त्यांचा. मिक्सर त्यांचा." आता ती थांबणार नव्हती. "तुम्ही बसलात ती खुर्चीसुद्धा त्यांचीच आहे."

रश्मी खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

"आई!" सोनाली म्हणाली.

"तू गप बस. सकाळी आणून ठेवलंय सगळं. आणि त्या रविवारीही हे त्यांचंच होतं. पाहुण्यांसाठी मागून आणलं होतं मी. माझ्या घरात काहीच नव्हतं, मॅडम. माझीच खोली रिकामी होती." बोलता बोलता तिच्या पोटात एक वेडी आशा उभी राहिली. "मग आता माझं नाव येतं ना?"

रश्मीने डोळे मिटून घेतले, मग उघडले.

"नाही येत, काकू. यादी बंद झाली. त्यांचं नाव कापलं की ते पैसे दुसऱ्या वस्तीला जातील. तुम्हालाही नाही मिळणार आणि त्यांनाही नाही."

खोलीत कूलरचं गार वारं सुटावं तसं रंजनाला क्षणभर बरं वाटलं. मला नाही, तर तिलाही नाही. झालं.

"कापा मग," ती म्हणाली.

"कापावंच लागेल." रश्मीने ज्योतीचा फॉर्म वर काढला. पानावर आडवी रेघ ओढण्यासाठी तिने पेन टेकवलं आणि खालची ओळ वाचून थांबली. "एक मिनिट. रंजना सुकदेव म्हणजे तुम्हीच ना?"

"हो. का?"

"तुमचं नाव आहे इथे. पिको मशीन, ठेवण्याची जागा रंजना सुकदेव यांच्या घरी, खिडकीपाशी. चालवणार सोनाली." तिने मान वर केली. "मी त्यांना विचारलं पण, की पैसे तुमचे आणि मशीन दुसऱ्याच्या घरात का? तर म्हणाल्या, बेत ताईचा आहे, माझा नाही. मला शिवता येत नाही. मी साड्या आणीन-पोचवीन आणि मिळेल ते निम्मं निम्मं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

रंजनाचे हात कोरडे होते तरी ती ते पदराला पुसत राहिली. सोनालीच्या मांडीवरची साडी घसरून खाली गेली, पण सोनालीने ती उचलली नाही. ती आईकडे बघत होती, आणि रंजनाला तिच्याकडे बघवेना.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"रेघ मारू नका," रंजना म्हणाली.

"काय?"

"मारू नका रेघ. मी खोटं बोलले."

"कुठलं खोटं, काकू? आत्ताचं की त्या दिवशीचं?"

"आत्ताचं. टीव्ही आमचाच आहे. कूलर आमचा. खुर्च्या आमच्या." तिने मिक्सरकडे बोट केलं. "मिक्सर मागच्या दिवाळीत घेतला."

रश्मीने पेन पानावरून उचललं.

"मग मघाशी तसं का म्हणालात?"

"जळते मी तिच्यावर."

एवढं बोलून रंजना खाली बसली, पेटीला टेकून.

"महिना झाला. तिचं नाव आलं आणि माझं नाही आलं. घास गोड लागत नाही मला. ती दारात उभी राहून हसली तरी माझ्या अंगाची आग होते. म्हणून तुमच्यापुढं ओकले. विचारा हिला, हवं तर. ही माझी पोरगी आहे, ही खोटं नाही सांगणार."

रश्मीने सोनालीकडे पाहिलं. सोनालीने हळूच मान डोलावली.

रश्मीने पेटीवरचा ग्लास उचलला आणि सावकाश पाणी प्यायली. पिऊन झाल्यावर तो तिने हातात फिरवला, आणि एका जागी तिचा अंगठा थांबला.

रंजनाच्या तेव्हा लक्षात आलं. घरातले सगळे ग्लास मोरीत ओले पडले होते. पोरीने कोरडा ग्लास शोधला आणि पिठाच्या डब्यामागे हात घातला होता.

रश्मीचे ओठ हलले. ती ठिपक्यांची अक्षरं जुळवत होती. ज्योतीचं नाव, मग मामा. तिने रंजनाकडे पाहिलं नाही. रंजना जमिनीवर बसूनच तिच्या हातातल्या पेनकडे बघत होती. सगळं आयुष्यच त्या पेनाच्या टोकाला बांधल्यासारखं.

रश्मीने ग्लास पेटीवर परत ठेवला. अक्षरं भिंतीकडे वळवून ठेवला. मग साक्षीचं पान काढलं आणि एकेक ओळ मोठ्याने म्हणत लिहीत गेली.

"टीव्ही, नाही. कूलर, नाही. मिक्सर, नाही. इथे सही करा, काकू."

रंजनाने सही केली. वाकडी आली. नववीपर्यंत शिकलेली बाई, पण त्या दिवशी तिला 'सुकदेव' मधला 'व' पुरा करता आला नाही.

रश्मीने दारात चपला घातल्या, फाईल काखेत मारली आणि जाता जाता वळली.

"पैसे यायच्या आधी एखाद्या वेळी वरचे साहेब येतील बघायला. त्यांना पाणी तुमच्या घरच्या ग्लासात द्या."

ती पायऱ्या उतरून गेली तरी दोघी मायलेकी जागच्या हलल्या नाहीत. मग सोनालीने घसरलेली साडी उचलली आणि धागा शोधू लागली. "मला नव्हतं ठाऊक, आई," ती म्हणाली, "तो ग्लास तिथे का होता ते." रंजनाने ग्लास राखेने घासला, दोनदा विसळला, पुसला आणि शेजारी गेली.

ज्योती मोकळ्या खोलीत फरशीवर बसून भात निवत घालत होती. टीव्हीच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन दिसत होता.

"सापडला हा," रंजना म्हणाली आणि ग्लास पुढे केला.

"माय वं! कोठे सापडना, ताई?"

"माझ्याच घरी होता."

ज्योतीने कुठे, कधी, कसा, काही विचारलं नाही. उठून तो मांडणीवर बाकीच्या पाचांशेजारी ठेवला आणि सगळे ग्लास नावं पुढे येतील असे फिरवून लावले.

"बरं झालं ती मॅडम गई," ती म्हणाली. "माले भलतं भ्याव वाटे. त्या दिन तिनी विचारं ना, टीव्ही से का? जिभवर उनं व्हतं, से म्हणीन, शेजारे से. पन वर ही फट. मी खरं सांगं असतं, तं तुन्हा पाव्हनास्नी ऐकं असतं. सोनालीनं लगीन मोडतं मन्हामुळे. मंग काय, नही सांगी दिधं."

रंजनाने वर पाहिलं. पत्रा आणि भिंत यांच्यामधून तिच्या स्वतःच्या खोलीतला उजेड आत येत होता. सोनालीची कात्री चालल्याचा आवाजही स्पष्ट येत होता. आपल्या पाहुण्यांनी ऐकू नये म्हणून ज्योतीने टीव्ही नाही म्हटलं होतं, हे दोन महिन्यांत तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"तुन्हाकडे बी गयती ना ती?" ज्योतीने विचारलं. "तिले काय सांगं तू?"

"तुझी चहाडी केली."

ज्योती खळखळून हसली. हातातला भाताचा डाव तिला खाली ठेवावा लागला.

"तू बी ना, ताई!"

"खरंच सांगतेय," रंजना म्हणाली.

ज्योतीला आणखीच हसू आलं. डोळ्यांतलं पाणी पुसत तिने मांडणीवरचा तोच ग्लास काढला, माठातलं पाणी भरलं आणि रंजनापुढे धरला.